मुका मार : मानसिक आघात आणि जुनाट वेदना यांच्या नात्याचा इतिहास

मराठीत ‘मुका मार’ असा एक शब्दप्रयोग आहे. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, हाड मोडलेले दिसत नाही. पण मार बसलेला असतो आणि तो आतून ठणकत राहतो. पोलीस ठाण्यातील फिर्यादीतही हा शब्द जसाच्या तसा येतो. जखम दिसते, म्हणून ती स्वतःच बोलते. मुका मार बोलत नाही. त्याच्या वतीने माणसालाच बोलावे लागते, आणि मग ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

उर्दूतील ‘सदमा’ हा शब्द याच्या अगदी शेजारचा आहे. ज्या अरबी धातूपासून तो आला त्याचा अर्थ आदळणे, टक्कर होणे. उर्दूत येईपर्यंत ही टक्कर मनाला बसू लागली. जवळचे माणूस गेल्याचा सदमा, घर सुटल्याचा सदमा. आजचे अरबी मानसोपचारतज्ज्ञ आघातोत्तर ताण विकृतीच्या, म्हणजे ‘पीटीएसडी’च्या, नावात हाच शब्द वापरतात. युरोपीय भाषांतील ‘ट्रॉमा’ मूळचा ग्रीक आणि त्याचा अर्थ साधी जखम असा आहे. मराठीने तर शरीर आणि मन यांच्यात सीमारेषा आखण्याचे कष्टच घेतलेले नाहीत. डोके दुखते, मन दुखावते, मेलेल्या माणसाचा दुखवटा पाळला जातो आणि आजारी माणूस दुखणाईत असतो. ही सगळी एकाच कुळातील रूपे आहेत.

भाषेला जे सहज ठाऊक होते, ते मान्य करायला आधुनिक वैद्यकाला सव्वाशे-दीडशे वर्षे का लागावीत? माझ्या वाचनातून मला जे उत्तर दिसते, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. या काळात ‘ही वेदना का होते?’ हा प्रश्न क्वचितच एकटा विचारला गेला. त्याच्या आधी किंवा बरोबर ‘ही वेदना खरी आहे का?’ हा दुसरा प्रश्न होता. आणि तो विचारणाऱ्याच्या हाती बहुधा पैशाची थैली होती.

पंधरा शब्द

आपल्या परंपरेतील एक-दोन नोंदी आधी पाहू. इब्न सीना (मृत्यू १०३७) याने ‘अल-क़ानून’मध्ये वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. खाजरी, खरखरीत, टोचणारी, दाबणारी, ताणणारी, मोडल्यासारखी, भोक पाडणारी, सुईसारखी, बधिर, ठसठसणारी, जड, थकव्याची, जळजळणारी इत्यादी प्रकार त्या यादीत आहेत. जालिनूसच्या (गॅलेनच्या) मते वेदनेचे मूळ एकच : अवयवाचे अखंडपण तुटणे. इब्न सीनाला ते पुरेसे वाटले नाही. काहीही न तुटता, केवळ मिजाज एकाएकी बिघडल्यानेही वेदना होते, असे त्याचे म्हणणे होते. हा मिजाज म्हणजे आजच्या अर्थाने ‘मनःस्थिती’ नव्हे, तर उष्ण-शीत, रुक्ष-स्निग्ध यांचा समतोल. तरीही जखमेवाचून वेदना शक्य आहे, हे दार त्याने उघडे ठेवले.

त्याच्याही आधी अबू ज़ैद अल-बल्ख़ी (मृत्यू ९३४) याने ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथाचे दोन भाग केले, एक शरीराच्या आरोग्यावर आणि दुसरा नफ्सच्या. माणूस दोहोंचा बनलेला असल्याने एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते, ही त्याची भूमिका. इस्तंबूलच्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९८४ मध्ये फ्रँकफर्टहून छापला गेला आणि मालिक बद्री यांनी त्याच्या मानसविषयक भागाचे इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर ‘पीटीएसडीचा शोध मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच लावला’ अशी विधाने आपल्या सभा-संमेलनांतून ऐकू येऊ लागली. ती करू नयेत, असे मला वाटते. बल्ख़ीने भीती, शोक, राग आणि मनात घोळणारे वस्वसे यांचे सूक्ष्म वर्णन केले, हे खरे आणि पुरेसे आहे. त्याच्या पदरी नसलेले त्याच्या नावावर चढवले, तर जे आहे त्याचीही किंमत कमी होते.

रेल्वेचा कणा

आधुनिक इतिहास सुरू होतो तो अक्षरशः एका टकरीपासून. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट येथे फोकस्टनहून लंडनला निघालेली गाडी एका लहान पुलावरून घसरली. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते आणि मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचली होती. दहा माणसे मेली, चाळीस जखमी झाली. चार्ल्स डिकन्स या गाडीत होता. त्याचा डबा पुलावर लटकून राहिला. तो बाहेर पडला, जखमींना पाणी पाजले, डब्यात परत चढून आपल्या कादंबरीचे हस्तलिखितही काढून आणले. त्याचे एकही हाड मोडले नव्हते. पण त्यानंतर आगगाडीत बसले की त्याला कापरे भरे, बाकाचे हात तो घट्ट धरून ठेवी. तो वारला ९ जून १८७० रोजी, अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण तो शेवटपर्यंत या अपघातातून पुरता सावरला नाही, असे त्याच्या घरच्यांचे मत होते.

डिकन्ससारखे शेकडो प्रवासी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. अपघातातून ते चालत बाहेर येत, ‘मला काही झाले नाही’ म्हणत, घरी जात. पुढे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पाठ दुखू लागे, झोपेत दचकून जाग येई, स्मरण मंदावे, हातापायांना मुंग्या येत, चिडचिड वाढे. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये या रुग्णांवरील आपली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लोकांनी त्या दुखण्याला ‘रेल्वे स्पाइन’, म्हणजे रेल्वेचा कणा, असे नाव दिले. मज्जारज्जूला हादरा बसतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारा बिघाड होतो, असे एरिक्सन मानत असे. नालाच्या आकाराच्या लोहचुंबकावर हातोडा मारला, तर चुंबक तुटत नाही पण त्याची ओढ निघून जाते, हा त्याचा दृष्टान्त. एरिक्सनला शब्द माहीत नव्हता, एवढेच. तो वर्णन करीत होता मुक्या माराचेच.

रेल्वे कंपन्यांना हे परवडणारे नव्हते. नुकसानभरपाईचे दावे ज्युरीसमोर जात आणि ज्युरीतील माणसे स्वतःच रेल्वेचे प्रवासी असत. मग दोन्ही बाजूंनी डॉक्टर उभे राहू लागले. हर्बर्ट पेज हा लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा शल्यचिकित्सक. त्याने १८८३ मध्ये एरिक्सनचे म्हणणे खोडून काढणारे पुस्तक लिहिले. कण्याला काहीही झालेले नाही, अपघाताच्या क्षणीची जबर भीती हेच या दुखण्याचे पुरेसे कारण आहे, असे त्याने दाखवले. भरपाईची आशा दुखणे लांबवते, हेही सांगितले.

या वादात एक गंमत आहे. रुग्णांचा कैवार घेणारा एरिक्सन कारणाबाबत चुकला आणि कंपनीचा पगारी डॉक्टर बरोबरीच्या जवळ गेला. भीती शरीराला वर्षानुवर्षे दुखवू शकते, हे वैद्यकात स्पष्टपणे मांडले गेले ते कंपनीचा पैसा वाचवण्याच्या ओघात. पण ज्युरीच्या कानांवर त्याचा अर्थ वेगळाच पडत होता : मज्जारज्जू बिघडला असेल तर दुखणे खरे, भीतीने दुखत असेल तर ते मनाचे, आणि मनाचे म्हणजे खोटे. वैद्यकीय रजेचे अर्ज हाताळणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांना हे तर्कशास्त्र काही अपरिचित नाही.

जर्मनीत हाच वाद विम्याच्या रूपाने झाला. बर्लिनचे हेरमान ओपेनहाइम यांनी १८८९ मध्ये ‘आघातजन्य मज्जाविकृती’ ही संकल्पना मांडली. १९१६ च्या म्यूनिक परिषदेत, ऐन महायुद्धात, त्यांच्या सहव्यावसायिकांनी ती नाकारली, आणि १९२६ मध्ये तेथील सरकारी विमा कार्यालयाने अशा दुखण्याला निवृत्तिवेतन नाही, असा निर्णय दिला. लाखो सैनिक परतल्यानंतरचा हा निर्णय आहे. एखाद्या निदानाला राज्याच्या तिजोरीचा भार सोसेनासा होतो, तेव्हा त्याच्यात वैज्ञानिक दोषही सापडू लागतात.

ओले बूट

अमेरिकेतील यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल आणि त्याचे दोन सहकारी फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन इस्पितळात मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. १८६४ मध्ये त्यांनी आपला अनुभव ग्रंथित केला. यातील काही सैनिकांची जखम भरून आली होती, पण हात किंवा पाऊल सतत भाजत असे. ते ओले फडके हातावरून काढीत नसत. काही जण बुटात पाणी ओतून चालत. या जळत्या वेदनेला मिचेलने पुढे ‘कॉझाल्जिया’ असे नाव दिले. त्याने एक गोष्ट फार बारकाईने टिपली. वर्तमानपत्राची सळसळ, शेजारून गेलेल्या माणसाच्या पावलाचा थरार, दूरच्या बँडचा आवाज, एवढ्यानेही वेदना भडकत असे. शांत स्वभावाचा माणूस चिडखोर होई, शूर सैनिक घाबरट होई. म्हणजे वेदनेने माणसाचा स्वभाव बदलत होता आणि आवाज, थरार, दचकणे यांनी वेदना वाढत होती. हे चक्र त्याला दिसले, पण त्याला नाव मिळायला १३० वर्षांहून अधिक काळ जावा लागला. त्याच युद्धातील सैनिकांवर जेकब दा कोस्टा याने १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ या नावाने लेख लिहिला. छातीत दुखणे, धडधड, दम लागणे ही लक्षणे होती आणि हृदयात दोष सापडत नव्हता.

तोफगोळ्याचा धक्का

पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला चार्ल्स मायर्स याने, फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मधून. तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसतो, अशी पहिली समजूत होती. एरिक्सनचा हातोडा आणि चुंबकच पुन्हा. लवकरच दिसून आले की ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नाही, त्यांनाही तीच लक्षणे होतात. ब्रिटिश सैन्याने यावर जो तोडगा काढला तो सरकारी कचेरीला शोभणारा होता. शत्रूच्या गोळ्याने झाले असेल तर कागदावर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. नसेल तर ‘एस’, म्हणजे आजारी. ‘डब्ल्यू’ला जखमेची फीत आणि निवृत्तिवेतनाचा हक्क, ‘एस’ला दोन्ही नाही. एकाच दुखण्याचे एका अक्षराने दोन तुकडे झाले. १९२२ मध्ये साउथबरो समितीने ‘शेल शॉक’ हा शब्दच वापरू नये, अशी शिफारस केली. पळून जाणे, भ्याडपणा यांसारख्या आरोपांखाली ज्या ३०६ सैनिकांना त्या युद्धात गोळ्या घालण्यात आल्या, त्यांना ब्रिटनने माफी दिली ती २००६ मध्ये. त्यांतील काही जण आज आपण ज्याला आघातोत्तर ताण म्हणतो, त्याने ग्रासलेले होते, असे इतिहासकार मानतात.

या युद्धात आपली माणसेही होती. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि त्यांचे जखमी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या इस्पितळांत नेण्यात आले. हात आणि बोटे यांच्या जखमांचे प्रमाण वरिष्ठांच्या नजरेत भरले आणि हे शिपाई स्वतःच स्वतःला जखमा करून घेतात, अशी कुजबुज सुरू झाली. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमांची तपासणी केली आणि हा संशय निराधार ठरवला. येथे थोडे थांबले पाहिजे. दिसणाऱ्या, रक्त येणाऱ्या जखमेबाबतही ज्या शिपायाला आपला खरेपणा सिद्ध करावा लागत होता, त्याच्या न दिसणाऱ्या दुखण्याची काय कथा! बरे झालेल्या जखमींना पुन्हा आघाडीवर धाडले जाई, आणि ही त्यांची मोठी व्यथा होती, हे त्यांच्या पत्रांवरून कळते. ही पत्रे सेन्सॉरने उताऱ्यांच्या रूपाने जपून ठेवली. त्यांतील पुष्कळशी उर्दूत होती आणि अनेक शिपायांनी ती दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली होती. आपले दुखणे परक्याच्या लेखणीतून आणि तिसऱ्याच्या नजरेखालून घरी कळवायचे, अशी ही अवस्था. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये या पत्रांचे संकलन प्रसिद्ध केले. ते आपल्या इतिहास विभागांच्या ग्रंथालयांत असायला हवे.

जाता जाता भाषेच्या विद्यार्थ्याला न टाळता येणारी एक नोंद. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. तेथे भ्रमिष्ट झालेल्या सैनिकाला ‘डूलाली टॅप’ झाला, असे त्यांच्या बोलीत म्हणत. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. मनाच्या दुखण्याला त्यांनाही शरीराचाच शब्द सापडला, आणि तोही आपल्याकडून.

जखम मोठी, वेदना लहान

१९४१ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अब्राम कार्डिनर यांनी महायुद्धातील जुन्या सैनिकांच्या अभ्यासावरून सांगितले की, या माणसांचे शरीर अजूनही खंदकातच आहे. आवाज झाला की ते दचकते, स्नायू ताठतात, धोका टळल्याची बातमी शरीराला पोहोचलेलीच नसते. म्हणून त्यांनी या दुखण्याच्या नावात मनाबरोबर शरीरही घातले. १९८० मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडीचा समावेश झाला, तेव्हा कार्डिनर यांचे लेखन त्यामागे होते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीचा रेटा तर होताच.

वेदनेच्या बाजूने दुसरा शोध चालू होता. हेन्री बीचर हा भूलतज्ज्ञ इटलीतील अँझिओच्या रणभूमीवर जखमींवर उपचार करीत होता. १९४६ मध्ये त्याने लिहिले की, गंभीर जखमा झालेल्या दोनशेहून अधिक सैनिकांपैकी तीव्र वेदना असल्याचे जेमतेम चौथ्या हिश्श्याने सांगितले. पुढे इस्पितळात शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांशी त्याने तुलना केली, तेव्हा लहान जखम असूनही त्यांची वेदनाशामकाची मागणी कितीतरी अधिक आढळली. बीचरच्या मते फरक जखमेच्या अर्थाचा होता. सैनिकाला जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचा परवाना; नागरिकाला जखम म्हणजे संकटाची सुरुवात. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’मध्ये ‘दरवाजा सिद्धान्त’ मांडला. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, खालून येणारे वेदनेचे संदेश तेथे अडतात किंवा पुढे जातात, आणि मेंदूकडून येणारे आदेशही त्या फाटकाची उघडझाप करतात. भीती, लक्ष, आठवण यांना वेदनेच्या शरीरशास्त्रात शिरायला यामुळे जागा मिळाली. मेल्झॅकनेच १९७५ मध्ये रुग्णांच्या बोलण्यातील ७८ शब्द गोळा करून वेदनेची प्रश्नावली तयार केली. इब्न सीनाच्या पंधरा शब्दांचा विस्तार म्हणून ती वाचून पाहण्यासारखी आहे. ठणका, कळ, चमक, उसण, शिणक, रग, ठसठस, चुरचुर, सणक ही आपली संपत्ती त्या दृष्टीने कोणी मांडील काय?

दोघे एकमेकांना पोसतात

या दोन वाटा एकत्र आल्या त्या गेल्या शतकाच्या अखेरीस. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पीटीएसडीवर उपचार घेणाऱ्या व्हिएतनाम युद्धातील १२९ सैनिकांपैकी ८० टक्के जणांनी जुनाट वेदना असल्याचे सांगितले. हा आकडा उपचारकेंद्रात आलेल्या सैनिकांचा आहे, सर्वसाधारण समाजाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २००१ मध्ये टिमथी शार्प आणि ॲलिसन हार्वी यांनी ‘परस्परपोषणा’चा विचार मांडला. पुढच्याच वर्षी गॉर्डन ॲस्मंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, काही माणसांत दोन्ही दुखण्यांना बळी पडण्याची एकच समान तयारी असते, अशी पुस्ती जोडली.

परस्परपोषण म्हणजे काय, ते उदाहरणाने पाहू. समजा, बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर रात्री ट्रकने उडवलेला एक मोटारसायकलस्वार आहे. मान मुरगळली, तीन महिन्यांत स्नायू भरून आले. पण मान वळवताना चमक निघाली की ट्रकचे दिवे डोळ्यांपुढे येतात. वेदनाच आठवणीची घंटा होते. दिवे आठवले की छाती धडधडते, खांदे आणि मान ताठतात, आणि ताठलेली मान अधिक दुखते. सतत सावध असलेले मन शरीरातील बारीक संवेदनाही धोक्याची खूण म्हणून वाचते. दुखेल म्हणून तो मान हलवत नाही, अपघात आठवेल म्हणून त्या रस्त्याने जात नाही, मग हळूहळू घराबाहेरच पडत नाही. न वापरलेले स्नायू अशक्त होतात, झोप जाते, उदासी येते, आणि झोप नसलेल्या माणसाला सगळेच अधिक दुखते. यात सुरुवात कोठे आणि शेवट कोठे, हे दाखवता येत नाही. वेअर मिचेलचा ओल्या बुटातला सैनिक याच चक्रात होता.

याला शारीरिक आधारही सापडत गेला. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवले की वेदनेचा मारा झाल्यावर मज्जारज्जूच अधिक संवेदनशील होऊन बसतो. मूळ जखम शांत झाली तरी त्याचा आवाज वाढलेलाच राहतो. १९९० च्या एका प्रयोगात पीटीएसडी असलेल्या आठ सैनिकांना युद्धपटाचा भाग दाखवला, तेव्हा त्यांना चटक्याची वेदना चक्क कमी जाणवली. आणि अफूच्या जातीच्या द्रव्यांना अडवणारे औषध दिल्यावर हा फरक उरला नाही. धोक्याच्या क्षणी शरीर स्वतःचीच अफू पाझरते आणि वेदना दाबते. अँझिओच्या सैनिकांचेही अंशतः असे झाले असावे. जे शरीर वर्षानुवर्षे धोक्याच्या क्षणातच अडकून पडते, त्याची ही व्यवस्था बिघडते, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. त्याचे तपशील मात्र अजून वादातीत नाहीत.

प्रत्येक पाठदुखीमागे आघात शोधणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. मणक्यातील क्षय किंवा गाठ ‘टेन्शन’ म्हणून दुर्लक्षित राहिली, तर रुग्ण जिवाला मुकेल. पण खरे-खोटे करण्याचा जुना प्रश्न आता शास्त्राने निकालात काढला आहे. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली आणि माणूस वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असे तिच्या टिपणात नमूद केले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतःची जागा मिळाली. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना म्हणजे जुनाट वेदना.

भोपाळ

हे सारे युरोप-अमेरिकेत घडले, असे वाटू नये म्हणून, आणि या नियतकालिकाचे बरेच वाचक इंदूर-ग्वाल्हेरकडचे आहेत म्हणूनही, भोपाळकडे वळतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्या वेळी मध्य प्रदेशातील पाचही वैद्यकीय महाविद्यालयांत एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, असे नंतर पाहणी करणाऱ्यांनी नोंदवले आहे. बेंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि लखनौचे डॉ. बी. बी. सेठी यांच्या पथकांनी १९८५ च्या सुरुवातीपासून तेथे काम केले. वायुग्रस्तांच्या दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची चाचणी झाली. १९३ जणांना, म्हणजे सुमारे २२.६ टक्क्यांना, निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. हे लोक मनाची तक्रार घेऊन आलेले नव्हते. दम, डोळे, अंगदुखी, थकवा यांसाठी ते सामान्य दवाखान्याच्या रांगेत उभे होते. म्हणून या पथकांनी सुमारे ५० सामान्य डॉक्टरांनाच प्रशिक्षण दिले आणि त्यांच्यासाठी पुस्तिका तयार केली. हा निर्णय मला फार समंजस वाटतो. रुग्ण ज्या दारात येतो, त्याच दारात त्याचे ऐकले गेले.

भरपाईच्या कचेरीत मात्र स्टेपलहर्स्टनंतरच्या लंडनचीच पुनरावृत्ती झाली. फुप्फुसांना वायूने खरोखरच इजा केलेली होती. शरीराची हानी, त्या रात्रीची दहशत, गेलेली माणसे आणि वर्षानुवर्षांचे दुखणे एकाच अंगात गुंतलेले होते. ते सुटे करून प्रत्येक दावेदाराला एका रकान्यात बसवणे भाग होते : ‘इजा नाही’, ‘तात्पुरती इजा’, ‘कायमची इजा’, आणि पुढे अपंगत्वाचे प्रकार. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९० च्या सुमारास तपासून झालेल्या सुमारे ३ लाख ५८ हजार प्रकरणांपैकी १ लाख ५५ हजारांवर ‘इजा नाही’ आणि १ लाख ७३ हजारांवर ‘तात्पुरती इजा’ असा शेरा पडला. कायमच्या इजेच्या रकान्यात १९ हजारांहून कमी माणसे बसली. बहुतेकांच्या हाती आधी २५ हजार रुपये पडले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील आदेशानंतर जवळपास तेवढेच पुन्हा. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली उपचारात्मक याचिका न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. तोवर ‘तात्पुरती इजा’ झालेल्यांच्या दुखण्याला ३८ वर्षे पूर्ण झाली होती.